मैत्रीण अफगाण आहे, व्हिसा संपत आलाय, तिला कुठल्या देशात आश्रय मिळेल?

प्रश्न सकाळीच वाचला होता, पण दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नाही म्हणून आत्ता निवांत बसून लिहितेय. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. विचारणाऱ्या ताई पुण्यात एमएला आहेत. त्यांच्या वर्गातली अफगाण मुलगी 2021 च्या सुरुवातीला, म्हणजे काबूल तालिबानच्या हाती पडायच्या काही महिने आधी स्टुडंट व्हिसावर आली, कोंढव्यात भाड्याने राहते, हजारा या तिथल्या अल्पसंख्याक समाजातली आहे. आईवडील इराणला गेले होते, तिथून 2025 च्या उन्हाळ्यात परत पाठवले गेले. भाऊ बऱ्याच वर्षांपासून जर्मनीत. हिचं एमए संपतंय, त्याबरोबर व्हिसा संपेल, पासपोर्टचीही मुदत जवळ आलीय. कुणीतरी एजंट आठ लाख मागतोय, म्हणतोय तेहरानला जा, तिथून युरोपचा 'मानवतावादी व्हिसा' काढून देतो. आणि ताईंचे प्रश्न असे: कुठला देश सोपा, एजंटवर विश्वास ठेवायचा का, पासपोर्ट मुंबईला जाऊन रिन्यू करायचा का, आणि सध्या तिला आपल्या घरी ठेवलं तर आपल्याला काही त्रास होईल का.

मी मूळची सांगलीची, वकील आहे, बरीच वर्षं दिल्लीत निर्वासितांच्या केसेस बघते, त्यात अफगाण सर्वात जास्त. त्यामुळे हे अनुभवातून सांगतेय, पण तिची फाइल मी बघितलेली नाही हे लक्षात ठेवा. तिच्या वडिलांची नोकरी नेमकी कुठली होती, ती स्वतः कधी कशाबद्दल जाहीर बोलली आहे का, 2021 नंतर घरी नक्की काय झालं, व्हिसाची नक्की तारीख काय, या चार गोष्टींवर उत्तर बरंच बदलू शकतं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. 'कुठला देश सोपा' या प्रश्नाने सुरुवात केली की माणूस एजंटच्या दारातच जाऊन पोचतो. कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक, तिला निर्वासित म्हणून संरक्षण मिळण्याचा हक्क आहे का. दुसरी, तो हक्क जिथे मागता येतो त्या जमिनीवर कायदेशीरपणे पोचता येतं का. पहिल्या बाबतीत आजच्या घडीला अफगाण मुलीची बाजू जेवढी मजबूत आहे तेवढी क्वचितच कुणाची असेल. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 ला ऑस्ट्रियातल्या दोन अफगाण स्त्रियांच्या प्रकरणात सांगितलं की तालिबानने बायकांवर लादलेली बंधनं एकत्र धरली तर तो छळच ठरतो, आणि अशा अर्जात देशाच्या अधिकाऱ्यांना फक्त अर्जदार बाई आहे आणि अफगाण आहे एवढं बघूनही निर्णय देता येतो, तिला वैयक्तिक धमकी आली होती का हे शोधत बसायची गरज नाही. स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क तर 2022 च्या शेवटापासून आणि 2023 च्या सुरुवातीपासूनच असं करत होते. आणि जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने याच मुद्द्यावर तालिबानचा सर्वोच्च नेता हैबतुल्ला अखुंदजादा आणि तालिबानच्या सरन्यायाधीशाविरुद्ध अटक वॉरंट काढलं.

आता दुसरी गोष्ट. युरोपियन युनियनच्या त्याच न्यायालयाने 7 मार्च 2017 ला बेल्जियमच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की परदेशातल्या वकिलातीत जाऊन 'मला आश्रय मागायला यायचंय, व्हिसा द्या' असं कुणी म्हटलं तर युरोपियन कायद्यानुसार तो व्हिसा द्यायची सक्ती देशांवर नाही, ज्याने त्याने आपापल्या कायद्याने ठरवावं. म्हणजे हक्क जमिनीवर पोचल्यावर, पण पोचायला व्हिसा लागतो, आणि व्हिसा देणारा अधिकारी हाच विचार करतो की ही अफगाण आहे, परत जाणार नाही, तेव्हा नाकारा. जितकी तिची आश्रयाची केस खरी तितका साध्या व्हिसाचा अर्ज कमजोर. मी बघितलेल्या जवळपास प्रत्येक केसच्या मुळाशी हाच पेच असतो, आणि एजंट लोक नेमके याच फटीत धंदा करतात.

भारताचं काय ते आधी बोलू, कारण ती आत्ता इथे आहे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, 1967 च्या प्रोटोकॉलवरही नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. कायद्याच्या लेखी ती फक्त परदेशी नागरिक. 1 सप्टेंबर 2025 पासून जुना 1946 चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट 2025 आलाय, त्यात व्हिसा संपल्यावर राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सीएए तिला लागू नाही, त्यात अफगाणिस्तान आहे पण तो हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी, आणि तेही 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी. हजारा बहुतेक शिया मुस्लिम.

कोर्टात काही आधार आहे का? आहे, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नये. 1996 मध्ये चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, परदेशी माणसालाही आहे. 1998 मध्ये गुजरात हायकोर्टाने दोन इराकी निर्वासितांना परत पाठवण्यापासून वाचवलं. पण 2021 मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे. मे 2025 मध्ये एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात भारत काही धर्मशाळा नाही असं न्यायालयात म्हटलं गेलं ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेलच. माझा अनुभव असा की अफगाण लोकांना भारत सहसा जबरदस्तीने काबूलला पाठवत नाही, पण 'सहसा' या शब्दावर कुणाच्या आयुष्याची बेगमी होत नाही.

म्हणून व्हिसा संपायच्या आधी हालचाल करा, संपल्यावर नाही. व्हिसा चालू असताना ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांची नोंदणी आणि मुदतवाढ बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, म्हणजे एफआरआरओच्या पोर्टलवर) केलेला अर्ज आणि संपल्यावर केलेला अर्ज यांच्याकडे फार वेगळ्या नजरेने बघितलं जातं. खरंच पुढचं शिक्षण करायचं असेल, पीएचडी किंवा दुसरा कोर्स, तर प्रवेशाची कागदपत्रं लावून मुदतवाढ मागणं हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. वेळ मिळतो, आणि या कामात वेळ हीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या विभागात आजच जाऊन विचारा. ऑगस्ट 2021 मध्ये सुट्टीला घरी गेलेली कित्येक मुलं तिकडेच अडकली, भारताने 25 ऑगस्टला बाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्दच करून टाकले, नंतर जे ई-व्हिसा दिले ते फार थोड्यांना. ती त्या वेळी इथे होती हे तिचं नशीब.

आता एक मुद्दा जो ऐकून बऱ्याच विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटतं. ती देश सोडून पळालेली नाही, शिकायला आली होती, मग ती निर्वासित कशी? होते. निर्वासित ठरायला पळून यावंच लागतं असं नाही, माणूस बाहेर असताना मागे परिस्थिती बदलली आणि आता परत जाणं धोक्याचं झालं तरी चालतं, यूएनएचसीआर म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हँडबुकमध्येच ते स्पष्ट लिहिलंय. तिच्या बाबतीत ती तारीख 15 ऑगस्ट 2021. तेव्हा मुलाखतीत 'तू तर स्टुडंट व्हिसावर आलीस' असं कुणी म्हटलं तर घाबरून 'नाही, मी तेव्हाही पळूनच आले होते' असली गोष्ट रचायची अजिबात गरज नाही. खरं सांगायचं. शिकायला आले, मागे सरकार गेलं, डिसेंबर 2022 मध्ये मुलींना युनिव्हर्सिटीचे दरवाजे बंद झाले, माझी पदवीच तिथे गुन्ह्यासारखी झाली, मी हजारा, माझ्या वस्तीत दश्त-ए-बर्चीत 30 सप्टेंबर 2022 ला काज क्लासमध्ये परीक्षेला बसलेल्या मुलींवर स्फोट झाला. एवढं खरं असताना खोट्याची काय गरज.

पासपोर्टचा प्रश्न नाजूक आहे. दिल्लीतली तालिबानच्या आधीच्या सरकारची एम्बसी नोव्हेंबर 2023 मध्ये बंद झाली, आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये नोव्हेंबर 2024 पासून तालिबानने नेमलेला माणूस बसतो. म्हणजे ज्यांची भीती आहे असं ती सांगणार, त्यांच्याच खिडकीवर जाऊन ती पासपोर्ट मागणार. निर्वासित करारात एक कलम आहे, आपल्या देशाचं संरक्षण स्वखुशीने पुन्हा घेतलं तर निर्वासिताचा दर्जा जाऊ शकतो, आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे हमखास विचारतो. पण दुसरी बाजू अशी की चालू पासपोर्ट नसेल तर इथे व्हिसाची मुदत वाढत नाही, आणि परदेशातल्या प्रवेशाचे रस्तेही बंद होतात. काय करावं हे खरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. माझं मत असं की नुसता पासपोर्ट घेतला म्हणून केस संपत नाही, गेली ती सक्तीने गेली का आणि का गेली हे बघितलं जातं. पण जायचंच असेल तर ज्या पत्रामुळे जावं लागलं ते पत्र, एफआरआरओचा ईमेल, युनिव्हर्सिटीची नोटीस, काहीही असो, जपून ठेवायचं. त्या फॉर्मवर घरचा पत्ता, वडिलांचं नाव, सगळं लिहावं लागतं आणि आईवडील परत अफगाणिस्तानात आहेत, तो धोका मला पासपोर्टपेक्षा मोठा वाटतो. आधी वडिलांच्या नोकरीबद्दल नीट समजून घ्या. ते जुन्या सैन्यात, पोलिसात, कोर्टात किंवा एनडीएसमध्ये, म्हणजे जुन्या गुप्तहेर खात्यात असतील तर मी तिला मुंबईला जाऊ नको असंच सांगेन.

एनडीएस म्हटलं म्हणून आणखी एक. जवळचा नातेवाईक गुप्तहेर खात्यात किंवा सैन्यात होता म्हणून धोका वाढतो हे खरं, पण तोच माणूस स्वतः आश्रय मागतो तेव्हा त्याला उलट तपासणीला तोंड द्यावं लागतं, कैद्यांचा छळ वगैरेमध्ये हात होता का, कारण युद्धगुन्ह्यात सामील असलेल्याला करारातून वगळलंय. तिला हे लागू नाही. पण वडिलांबद्दल ती जे सांगेल ते उद्या वडिलांच्या फाइलमध्येही वाचलं जाईल, म्हणून अंदाजाने काही बोलू नये.

यूएनएचसीआरकडे नोंदणी करायची का? हो, करायची, आणि त्यासाठी कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. ऑफिस दिल्लीत आहे, आधी अर्ज करून तारीख घ्यावी लागते, मग प्रत्यक्ष जावं लागतं. आधी 'विचाराधीन' असल्याचं पत्र मिळतं, मग मोठी मुलाखत, मग दर्जा मिळाला तर निर्वासित कार्ड. या सगळ्याला महिनोन्महिने लागतात, कधी वर्षंही. त्या कार्डाने भारतात नोकरीचा हक्क मिळत नाही, पुण्यातल्या चौकीवरच्या हवालदाराला ते कार्ड माहीत असेलच असंही नाही. मग फायदा काय? तिची गोष्ट एका मान्यताप्राप्त संस्थेच्या नोंदीत आज लिहिली जाते, आणि पुढे कॅनडासारख्या देशाच्या काही मार्गांना असा दर्जा लागतोच. एक गैरसमज मात्र काढून टाका, यूएनएचसीआरकडे 'मला कॅनडाला पाठवा' असा अर्ज नसतो. कुणाचं नाव तिसऱ्या देशाकडे पाठवायचं ते तेच ठरवतात, आणि जगभरातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांना ती संधी मिळते. तेव्हा नोंदणी करा आणि तिच्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नका, दोन्ही एकदम.

नोंदणीच्या आधी कागदपत्रांवर बसा. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण खऱ्या केसेस सगळ्यात जास्त इथे पडतात आणि तुम्ही पुण्यात बसून नेमकी हीच मदत करू शकता. अफगाण ओळखपत्राला तझकिरा म्हणतात. जुन्या कागदी तझकिऱ्यावर जन्मतारीख नसायची, 'अमुक साली वय इतकं' असं लिहिलेलं असतं, आणि साल त्यांच्या सौर हिजरी कॅलेंडरचं. समजा लिहिलंय 1391 मध्ये वय 15, म्हणजे जन्म 1376, त्यात 621 मिळवले की 1997. पण त्यांचं वर्ष 21 मार्चच्या आसपास सुरू होतं, तेव्हा ती 1998 च्या पहिल्या तीन महिन्यांतलीही असू शकते. पासपोर्ट काढताना कुणीतरी 1 जानेवारी ठोकून देतो, आपल्या युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर तिसरंच काही छापलं जातं, आणि भावाने जर्मनीत अर्ज करताना 'बहीण, वय इतकं' म्हणून चौथा आकडा सांगितलेला असतो. नावांचंही तेच. तझकिऱ्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव नाहीच. मग पासपोर्टवर तखल्लुस, म्हणजे स्वतः निवडलेलं नाव, आडनाव म्हणून येतं, आणि त्याच घरात भावाचं आडनाव वेगळं. आपल्याला यात काही खटकणार नाही, पण युरोपातल्या अधिकाऱ्यापुढे दोन फाइली उघड्या असतात आणि त्याला ते दोघे भाऊबहीण असल्याचा पुरावाच दिसत नाही.

एका केसमध्ये (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) मुलगी म्हणाली भावाला असद महिन्यात नेलं, दुभाष्याने सांगितलं ऑगस्टमध्ये, आणि आधीच्या लेखी अर्जात होतं जुलै. असद हा साधारण 23 जुलै ते 22 ऑगस्ट. काबूल पडलं तो दिवस त्यांच्याकडे 24 असद 1400. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण निर्णयात 'तारखांत विसंगती, विश्वासार्हता कमी' असं आलं. अपिलात आम्ही दोन कॅलेंडर शेजारी शेजारी लावून दाखवली तेव्हा ते सुटलं, पण त्यात वर्ष गेलं. म्हणून माझी पद्धत अशी: एक वही घ्यायची, डावीकडे घटना, मग तिच्या भाषेतली तारीख जशी तिला आठवते तशी, आणि उजवीकडे इंग्रजी तारीख. नक्की आठवत नसेल तर 'ईदनंतर', 'बर्फ पडायच्या आधी', 'बारावीच्या परीक्षेच्या वेळी' असं लिहायचं, ओढूनताणून तारीख लिहायची नाही. अंदाज अंदाज म्हणून सांगितला तर कुणी केस फेटाळत नाही, पण छातीठोक सांगितलेली तारीख चुकली तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

मुलाखत कुठल्या भाषेत? तिला आता हिंदी छान येत असेल, थोडी मराठीही, इंग्रजीत तर एमए करतेय. तरी मुलाखत दरीतच, म्हणजे अफगाण फारसीतच द्यावी, आणि दुभाषी इराणी फारसी बोलणारा निघाला किंवा हजारगी, म्हणजे हजारा लोकांची बोलण्याची धाटणी त्याला कळत नसेल तर तिथल्या तिथे सांगावं, तो तिचा हक्क आहे. भीतीबद्दल, घरातल्या माणसांबद्दल बोलायचं तर माणूस आपल्या भाषेतच नीट बोलतो. आणि स्त्री अधिकारी, स्त्री दुभाषी हवी असेल तर आधी मागून ठेवा.

पुरावे नसतील तर? ऑगस्ट 2021 मध्ये काबूलमध्ये लोकांनी नोकरीची प्रमाणपत्रं, फोटो, पदव्या स्वतःच्या हाताने जाळल्या, फोनमधलं सगळं पुसलं, कारण घराघरात झडती होत होती. कागद नाही ही अडचण नाही, कागद का नाही हे सांगता आलं पाहिजे. कुणी जाळले, केव्हा, त्या वेळी घरात कोण होतं. जे उरलंय ते भावाच्या फोनमध्ये, मावशीच्या जुन्या ईमेलमध्ये सापडतं, शोधा. आणि कृपा करून बाजारात मिळणारं धमकीपत्र विकत घेऊ नका. तालिबानची रात्री दारावर लावलेली धमकीची पत्रं, शबनामा म्हणतात, ती खरी असायची, पण आता एजंट ती छापून विकतात, तोच शिक्का, तोच मजकूर, फक्त नाव बदललेलं, आणि अधिकाऱ्यांनी ती ढिगाने बघितलेली असतात. तिला तर त्याची गरजही नाही.

आता देश, थोडक्यात. अमेरिकेवर सध्या वेळ घालवू नका. 2021 मध्ये तिथे नेलेल्या हजारो अफगाणांनाच दोन वर्षांच्या पॅरोलवर, म्हणजे तात्पुरत्या राहण्याच्या परवानगीवर लटकत ठेवलं, त्यांना कायम करणारा कायदा काँग्रेसने मंजूर केला नाही, टीपीएस नावाचं तात्पुरतं संरक्षण जुलै 2025 मध्ये काढून घेतलं. निर्वासितांना बाहेरून आणण्याचा कार्यक्रम जानेवारी 2025 मध्ये थांबवला, जून 2025 मध्ये अफगाणिस्तान प्रवासबंदीच्या यादीत आलं. ब्रिटनने अफगाणांसाठीच्या दोन्ही योजना 1 जुलै 2025 ला नव्या अर्जांना बंद केल्या. पुढे ही दारं कदाचित उघडतील, पण आज तिचा व्हिसा त्यासाठी थांबणार नाही.

कॅनडात पाच नागरिकांनी किंवा कायम रहिवाशांनी मिळून एखाद्याला प्रायोजित करायची सोय होती, त्याला निर्वासित दर्जाचा कागद लागायचा. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी या पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. सरकारशी करार असलेल्या संस्था, त्यात बरीच चर्च आहेत, त्यांचा मार्ग वेगळा आणि तो त्या बंदीत नाही, पण त्यांचा कोटा ठरलेला असतो आणि रांग लांब. तिचे कुणी ओळखीचे तिथे असतील तर त्यांनी जवळच्या अशा संस्थेला आजच लिहावं.

जर्मनीबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय कारण भाऊ तिथे आहे. सज्ञान भाऊ सज्ञान बहिणीला साध्या कुटुंब एकत्रीकरणाखाली बोलावू शकत नाही, ती सोय मुख्यतः नवरा, बायको, अज्ञान मुलं यांच्यासाठी आहे. बाकीच्या नातेवाइकांसाठी 'असाधारण हाल' दाखवावे लागतात आणि ते फार क्वचित मान्य होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली खास अफगाण प्रवेश योजना नव्या सरकारने 2025 मध्ये गुंडाळली, लेखी होकार मिळालेली कुटुंबं इस्लामाबादला अडकली, त्यातल्या काहींना बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाऊन व्हिसा मिळवावा लागला. राहिला शिक्षणाचा मार्ग. खरा प्रवेश, खरी शिष्यवृत्ती, नसेल तर वर्षाला सुमारे बारा हजार युरो बँकेत गोठवून ठेवायचे. अवघड आहे पण खोटं काही नाही, आणि तिच्यासारख्या हुशार मुलीसाठी मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. व्हिसाच्या अर्जात जे विचारतील त्याला खरं उत्तर द्यायचं. पुढे तिथे गेल्यावर परत जाणं धोक्याचं आहे म्हणून आश्रय मागणं हा त्या देशाच्या कायद्यातला हक्क आहे, पण तो निर्णय तिथल्या वकिलाला विचारून घ्यावा, इथे ठरवून जाऊ नये.

यात डब्लिन नियमाचा फास आहे तो समजून घ्या. युरोपात आश्रयाचा अर्ज कुठल्या देशाने बघायचा हे अर्जदार ठरवत नाही. जवळचं कुटुंब तिथे नसेल तर ज्याने व्हिसा दिला तो देश, किंवा जिथून ती आत शिरली तो देश जबाबदार. बोटांचे ठसे युरोडॅक या युरोपच्या सामायिक नोंदवहीत जातात. आणि सज्ञान भाऊ त्या नियमात 'कुटुंब' धरला जात नाही. म्हणजे एजंटने दुसऱ्याच कुठल्या देशाचा व्हिसा लावून दिला आणि ती भावाकडे म्युनिकला गेली, तर काही महिन्यांनी तिला त्या दुसऱ्या देशात परत पाठवायचं पत्र येतं. 2026 च्या मध्यापासून युरोपचे नवे नियम लागू होतायत, त्यात हे सैल होणार नाही, सीमेवरची तपासणी उलट कडक होतेय.

एजंटचं उत्तर आता तुम्हाला कळलंच असेल. आठ लाखांपेक्षा मला 'तेहरानला जा' याची जास्त भीती वाटते. इराणने 1951 च्या करारावर सही केलीय, तरी 2025 मध्ये तिथून लाखो अफगाण सीमेपार ढकलले गेले, तिचे आईवडील त्यातच होते. पाकिस्तानने 1 नोव्हेंबर 2023 पासून तेच सुरू केलं. भारतातून एकदा ती बाहेर पडली की परतीचा व्हिसा मिळेल याची काही खात्री नाही, आणि तेहरानमध्ये पकडली गेली तर पुढचा थांबा इस्लाम कला ही अफगाण सीमाचौकी. युरोपात वकिलातीतून मिळणारा सर्वसाधारण मानवतावादी व्हिसा नाही, वर सांगितलेला 2017 चा निकाल त्याबद्दलच आहे. काही देश अगदी मोजक्या माणसांना स्वतःहून देतात, ते एजंटमार्फत होत नाही. तिने आधीच काही रक्कम दिली असेल तर तिला रागावू नका, माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांनी दिलेली असते. फक्त तिचा मूळ पासपोर्ट त्याच्याकडे असेल तर तो आज परत आणा.

एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे भारतातल्या वर्षांचा हिशोब. उद्या कुठल्याही देशात अधिकारी विचारेल, तू पाच वर्षं भारतात सुरक्षित होतीस, मग तिथेच का राहिली नाहीस? कायदेशीर भाषेत हा 'सुरक्षित तिसरा देश' किंवा 'पहिला आश्रय देश' असा मुद्दा असतो आणि त्यावर चांगल्या केसेस अडकतात. याचं उत्तर भाषणाने देता येत नाही, कागदाने देता येतं. मुदतवाढ नाकारल्याचं पत्र, ई-एफआरआरओवरचे शेरे, पासपोर्ट नाही म्हणून बँकेने खातं गोठवलं असेल तर त्याचा मेसेज, नोकरीची ऑफर आली पण व्हिसामुळे घेता आली नाही त्याचा ईमेल. इथे कायमचं राहण्याचा हक्क तिला कधीच मिळणार नव्हता हे त्यातून दिसतं. आज हे सगळं त्रासाचं वाटतंय, पण प्रत्येकाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. आणि भारत सोडताना व्हिसा संपलेला असेल तर एफआरआरओची एक्झिट परमिट लागते, दुसऱ्या देशाचा व्हिसा हातात असूनही विमानतळावरून परत आलेली माणसं मी बघितलीत.

तेव्हा क्रम माझ्या मते असा: या आठवड्यात व्हिसाची तारीख बघून युनिव्हर्सिटी आणि ई-एफआरआरओ, त्याचबरोबर दिल्लीला नोंदणीचा अर्ज, मग ती वही आणि कागदांचे स्कॅन, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेले. भावाकडून त्याच्या जर्मन फाइलमध्ये घरच्यांबद्दल काय लिहिलंय त्याची प्रत मागवा, त्याच्या वकिलाला ती मिळवता येते. शिक्षणाचे अर्ज यासोबतच सुरू करा, निकालाची वाट बघत थांबू नका.

शेवटचा तुमचा स्वतःचा प्रश्न, घरी ठेवण्याचा. तिचा व्हिसा चालू आहे तोवर तिने तुमच्याकडे राहण्यात काही गैर नाही, पण परदेशी माणूस घरात राहत असेल तर घरमालकाने त्याची माहिती देणारा फॉर्म (आधी त्याला फॉर्म सी म्हणायचे) ऑनलाइन भरायचा असतो, चोवीस तासांच्या आत. घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांनी भरायचा, आणि तिने स्वतःचा बदललेला पत्ता ई-एफआरआरओवर कळवायचा. भीतीपोटी लोक हे टाळतात आणि मग साध्या पत्त्यावरून तिच्या फाइलवर शेरा येतो. व्हिसा संपला आणि मुदतवाढीचा अर्जही नसेल, तर मात्र तिला घरी ठेवण्याआधी पुण्यातल्या एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. फौजदारी कोर्टात काम करणारा आणि परदेशी नागरिकांच्या केसेस केलेला बघा, नुसता व्हिसा कन्सल्टंट नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला मिळतो, शिवाजीनगर कोर्टात चौकशी करा, आणि जाताना व्हिसाची आणि पासपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा.